तीन लाखांच्या आत जुनी हॅचबॅक: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

जुनी गाडी घेण्यासाठी ३ लाख रुपये बाजूला काढले असतील, तर पाहायची गाडी अडीच लाखांची असावी. उरलेले ५० हजार गाडी नावावर करून घेणे, विमा, पहिली सर्व्हिसिंग आणि पहिल्या काही महिन्यांत डोके वर काढणारी एखादी मोठी दुरुस्ती यांत जातात. छोट्या हॅचबॅकचे चारही टायर बदलायचे म्हटले, तरी साधारण १६ ते २० हजार रुपये लागतात. बॅटरीला ४-५ हजार जातात आणि क्लचप्लेट गेलेली निघाली, तर मजुरी धरून आणखी ८-१० हजारांची तयारी ठेवावी लागते. सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घालून बसलेला माणूस हे खर्च पुढे ढकलत राहतो आणि बरी गाडीही वर्षभरात खराब करून टाकतो.

तपासणी नेहमी खर्चाच्या चढत्या क्रमाने करावी. जे घरबसल्या, फुकटात कळते ते आधी पाहावे. ज्यासाठी जावे लागते आणि सकाळ मोडते ते नंतर. आणि ज्यासाठी मेकॅनिकला पैसे मोजावे लागतात ते शेवटी. कोणत्याही टप्प्यावर नापसंतीचे ठोस कारण मिळाले, की तिथेच थांबावे. प्रत्यक्षात बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधी चकचकीत पॉलिश केलेली गाडी पाहून घरच्यांसह तिच्यात बसून येतात, रंगही पसंत करतात आणि कागद सगळ्यात शेवटी पाहतात. मग कागदांतला दोष त्यांना किरकोळ वाटू लागतो.

किंमत पारखण्यापूर्वी नव्या गाडीचा आजचा भाव माहीत करून घ्यावा. ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीचा भावही उतरायला हवा. पण विकणारा स्वतः मोजलेल्या जुन्या ऑनरोड किमतीवरूनच हिशेब सांगतो, आणि माणसाच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. आपण मात्र त्याच मॉडेलच्या, किंवा ते बंद झाले असल्यास त्याच दर्जाच्या, नव्या गाडीच्या आजच्या किमतीपासून मागे यावे. नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो खरा, परंतु तो त्याच्या नफ्यावर असतो. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवणाऱ्या डीलरला त्याबद्दल स्पष्ट विचारावे.

कोणती गाडी, कोणत्या सालची

अडीच लाखांच्या आसपास आपल्याकडे बहुधा २०१५ ते २०१९ या काळातल्या अल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, ग्रँड आय१०, टियागो, क्विड अशा गाड्या येतात. या काळात सालाला एक वेगळे महत्त्व आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, तर १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, वेगमर्यादेची सूचना देणारा बझर आणि मागचे पार्किंग सेन्सर हेही सक्तीचे झाले. त्यामुळे २०१९ च्या उत्तरार्धातली साधी गाडी आणि २०१७ ची तीच साधी गाडी यांत पंधरा-वीस हजारांचाच फरक असेल, तर तो द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधीची गाडी घ्यायची झाल्यास वरचे व्हेरियंट शोधावे. मात्र गाडीच्या मागे चिकटवलेल्या व्हेरियंटच्या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती अक्षरे बाजारात सुटी मिळतात. स्टीअरिंगवर एअरबॅगची खूण आहे का आणि चावी फिरवल्यावर एबीएस व एअरबॅग यांचे दिवे लागून काही क्षणांत विझतात का, हे पाहावे. दिवा लागतच नसेल, तर दोष लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असण्याची शक्यता असते.

मॉडेल निवडताना आपल्या तालुक्याच्या गावी कोणत्या गाडीचे सुटे भाग त्याच दिवशी मिळतात, हा प्रश्न मायलेजपेक्षा मोठा आहे. मारुतीला या बाबतीत तोड नाही, ह्युंदाई आणि टाटा यांचेही बहुतेक ठिकाणी निभावते. धडक चाचणीत टियागोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेचे चार तारे मिळाले होते, तर वॅगन आरला २०१९ मध्ये दोनच. ज्यांची ये-जा महामार्गावर जास्त आहे त्यांनी हा फरक विचारात घ्यावा. देशातला व्यवसाय बंद केलेल्या कंपन्यांच्या गाड्या विलक्षण स्वस्त मिळतात. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांतली फोर्डची फिगो चालवायला या किमतीतल्या बहुतेक गाड्यांपेक्षा सरस आहे; पण ती घ्यायची तर आधी तिची कामे करणारा मेकॅनिक पाहावा आणि मग गाडी.

डिझेलच्या वाटेला या किमतीत सहसा जाऊ नये. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर धावणार नसेल, तर इंधनात वाचलेले पैसे इंजेक्टर आणि टर्बोच्या एकाच कामात जातात. सीएनजी असेल, तर ती नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, झालेली आहे का, हे टाकीवरच्या पट्टीवरून पाहावे. बाहेरून बसवलेले आणि आरसीवर न चढवलेले किट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीला आयते कारण.

पंधरा वर्षांच्या काठावर आलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा करावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत असते, पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी ८० हजारांत मिळते, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

फोनवरच मिटणाऱ्या गोष्टी

जाहिरात आवडली, की पहिल्याच फोनवर गाडीचा पूर्ण नंबर मागावा. तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे जाण्याचे कारण नाही. नंबर मिळाल्यावर एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर नोंदणीची तारीख, सध्याचा मालक कितवा, इंधनाचा प्रकार, विम्याची आणि पीयूसीची मुदत, तसेच गाडीवर बँकेचा बोजा आहे का, हे पाहता येते. पोर्टलवर मालकाचे नाव पूर्ण दिसत नसले, तरी ‘फर्स्ट ओनर’ म्हणून विकली जाणारी गाडी प्रत्यक्षात तिसऱ्या हाती आहे, हे कळायला तेवढे पुरते. त्यानंतर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकीत दंड पाहावा. दंडाची रक्कम तर सौद्यात वळती करता येतेच, पण ती यादी वाचण्यासारखी असते: अतिवेगाचीच आठ-दहा चलने एका वर्षात लागली असतील, तर ती गाडी कशी हाकली गेली आहे ते उघड होते.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद मालकाने मागितल्यास मिळते. ती त्यालाच मागायला सांगावी. मीटर मागे घेतलेले ओळखण्याचा यापेक्षा भरवशाचा मार्ग नाही, कारण प्रत्येक भेटीत किलोमीटर नोंदवलेले असतात. २०२० मध्ये ६१ हजारांवर सर्व्हिसिंग झालेली गाडी आज ४४ हजार दाखवत असेल, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

दिल्लीहून आलेल्या गाड्यांबद्दल एक स्वतंत्र सूचना. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणल्यामुळे, मुदतीजवळ आलेल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात आणि आपल्याकडच्या बाजारात येतात. अशा परराज्यातल्या गाडीसाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि इथला एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मिळवण्यासाठी वेगळे खेटे घालावे लागतात. या सगळ्यासकट भाव महाराष्ट्रातल्या गाडीच्या बरोबरीचा होत असेल, तर हा उपद्व्याप करूच नये.

सकाळी, उजेडात, थंड इंजिनवर

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर आणि शक्य झाल्यास रेडिएटरजवळ हात लावून पाहावा. गरम लागले, तर इंजिन मुद्दाम तापवून ठेवले आहे असे समजावे, कारण थंड इंजिनाला जे आवाज येतात आणि जो धूर येतो तो तापल्यावर बराचसा लपतो. भुयारी पार्किंगमध्ये, ट्यूबलाइटखाली गाडी पाहू नये. रंगातला फरक उन्हातच दिसतो.

ठोकलेली गाडी ओळखण्यासाठी रंगापेक्षा बोल्ट अधिक प्रामाणिक असतात. बॉनेट उघडून त्याच्या दोन्ही बिजागऱ्यांचे आणि पुढच्या फेंडरचे, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट नीट पाहावेत. कारखान्यात बॉडीबरोबर रंगवलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग सलग असतो. पाना लागला, की कडांवरचा रंग उडतो आणि वॉशरभोवती जुन्या जागेची पुसट कड दिसू लागते. एक फेंडर बदललेला असणे हा काही गुन्हा नव्हे, मुंबई-पुण्याच्या रहदारीत ते कोणाच्याही नशिबी येते. बॉनेट, दोन्ही फेंडर आणि हेडलाइटच्या मागची आडवी पट्टी असे सगळेच खोललेले दिसले, तर मात्र समोरून जोराचा मार बसला आहे. नंतर चारही दारे उघडून चौकटीवरचे रबरी बीडिंग थोडे ओढून पाहावे. त्याखाली ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगचे लहान गोल खळगे ओळीने दिसायला हवेत. एका दाराच्या चौकटीत ते आहेत आणि दुसऱ्यात त्या जागी गुळगुळीत पुट्टी आहे, याचा अर्थ पिलरपर्यंत, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबापर्यंत, काम झालेले आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नये. डिकीतले मॅट उचलून स्टेपनीच्या खळग्याचा पत्राही याच नजरेने पाहावा. मागून बसलेला मार तिथे सुरकुतीच्या रूपाने शिल्लक राहतो.

पुरात सापडलेल्या गाड्यांचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य वाहने पाण्याखाली गेली. एमएच ०८, ०९ किंवा १० असे त्या भागातले पासिंग दिसले म्हणून गाडी नाकारणे योग्य नाही, कारण विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्या लिलावातून दूर कुठेतरी दुरुस्त होऊन विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाच्या भागावर चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या आणि स्प्रिंगांवर गंज आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांत गाळाचा पांढुरका थर आहे का, हे पाहावे. गाडीत नव्या सुगंधी डब्यांचा घमघमाट असेल, तर काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटे आत बसावे; कुबट वास वर येतोच. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेमुळे धरणारा गंज याहून वेगळा असतो, तो दारांच्या खालच्या कडेला आणि खालच्या पत्र्यावर हळूहळू धरतो.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी ३० हजारच किलोमीटर चालली म्हणता आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, हे गणित विचारल्याशिवाय सोडू नये. क्लच आणि ब्रेक यांच्या पॅडलवरचे रबर, स्टीअरिंगची झिजलेली बाजू आणि चालकाच्या सीटची दबलेली कड या तिन्हींचे वय मीटरशी जुळले पाहिजे.

आता गाडी सुरू करावी आणि कोणाला तरी मागे उभे करावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल पिते आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळी क्षणभर येतो, पण तापल्यावरही तो थांबत नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले सील, गेल्याचा संशय घ्यावा. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत दुधी चिकट थर दिसला, तर तो संशय पक्का होतो आणि तपासणी संपते. चालवताना किमान अर्धा तास द्यावा, त्यात एक चढ आणि एक खराब रस्ता असावा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात एक्सलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, ही क्लच गेल्याची खूण आहे. क्लचचे पॅडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी गाडीत हेच काम बरेच महाग पडते, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघताना ती थरथरते का, ते जरूर पाहावे. या सगळ्या वेळी रेडिओ बंद ठेवावा. गाडी विकणाऱ्याला गाणी लावण्याची फार हौस असते.

इथपर्यंत गाडी कसोटीला उतरली, तर मग आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे ती लिफ्टवर चढवून घ्यावी आणि इंजिनातले दोष वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. यासाठी लागणारे पैसे आनंदाने द्यावेत. मात्र मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला नसावा. त्याच्याकडून ‘गाडी चांगली आहे’ एवढेच ऐकून न घेता, सहा महिन्यांत कोणती कामे निघतील आणि त्यांना किती लागतील, हे कागदावर लिहून घ्यावे. भाव करताना तो कागद समोर ठेवला, की घासाघीस वाटत नाही आणि समोरच्यालाही उतरायला सोपे जाते.

पैसे आणि कागद

भाव ठरल्यावर विसार म्हणून ५-१० हजारांपेक्षा जास्त देऊ नये आणि तोही साध्या का होईना पण लेखी पावतीवर द्यावा, ज्यात गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि कागदांत दोष निघाल्यास पैसे परत मिळतील ही अट असेल. उरलेली रक्कम बँकेतून, आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जावी. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ‘सगळे कॅश द्या, दहा हजार कमी करतो’ हा प्रस्ताव ऐकून सोडून द्यावा. विकणारा ‘मामांची गाडी आहे’ म्हणत असेल, तर मामांची भेट घ्यावी. मूळ मालक हयात नसल्यास आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढावी लागते. तोवर कोणाचीही सही चालत नाही.

हस्तांतरासाठी विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३० लागतो. बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. कर्ज फिटले असूनही आरसीवरचा बोजा उतरवलेला नाही, असे पुष्कळदा आढळते, आणि ते काम विकणाऱ्याने आधी करून द्यावे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवत ठेवण्याची रीत बाजारात सर्रास आहे. अपघाताची भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक असे स्पष्ट केले आहे, म्हणून समजूतदार विक्रेतादेखील नाव लवकर बदलावे यासाठी आपल्याइतकाच आग्रही असतो. डीलरकडून गाडी घेत असाल, तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचे प्राधिकार प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ घातलेल्या दोन ताबा पावत्या कराव्यात आणि एकेक ठेवावी. त्या वेळेच्या आधीचे चलन त्याचे, नंतरचे आपले. विकणाऱ्याने आपला फास्टॅग बंद करावा आणि आपण नवा घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हे त्याच वेळी पाहावे. दुसरी चावी, मूळ आरसी आणि सर्व्हिस बुक हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टी संरक्षण, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, गाडीबरोबर येते, परंतु आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसीवर आपले नाव चढल्याखेरीज मिळत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याच्याकडेच राहतो, म्हणून हप्त्याचा फरक भरावा लागेल, तो हिशेबात धरावा. नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, अधिक कर, एवढ्यात येतो. पण अडीच लाखांची गाडी पहिल्या वर्षी तरी पूर्ण विम्याशिवाय ठेवू नये, असे मला वाटते.

विकणाऱ्याने ‘आत्ताच सर्व्हिसिंग केली आहे’ असे सांगितले तरी, बिल दाखवले नसल्यास, इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून ठेवावेत. काही आठवड्यांत नवी आरसी टपालाने घरी येते. ती आल्या दिवशीच नाव, पत्ता, चेसिस व इंजिन क्रमांक आणि बोजाचा रकाना गाडीशी व जुन्या आरसीच्या झेरॉक्सशी ताडून पाहावा, आणि चूक असल्यास ती दुरुस्त करून घेईपर्यंत हस्तांतराचे काम करणाऱ्या एजंटचे उरलेले पैसे देऊ नयेत.